बंद लाईनीची राखण

लावणीचे दिवस आले की आमच्या उपकेंद्रातला फोन खाली ठेवायला उसंत मिळत नाही. आताही तेच दिवस आहेत. खिडकीबाहेर खाचरं काठोकाठ भरली आहेत, पॉवर टिलरची फटफट या बांधावरून त्या बांधावर फिरते आहे, आणि डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका वाकून वाकून मागे सरकताहेत. त्यांच्या पुढ्यात हिरवं होत जातं आणि पाठीमागे नुसतं करडं पाणी. डोंगर सकाळपासून दिसलेला नाही. ढग इतके खाली उतरलेत की आमच्या आवारातून निघालेल्या तारा थोडं अंतर जातात आणि मधेच संपल्यासारख्या वाटतात. पुढे त्या कोणत्या झाडाखालून गेल्यात, कुठे फांदीला टेकल्यात, ते इथून कळायला मार्ग नाही. माझी नजर सारखी जाते ती तारा दिसेनाशा होतात त्या जागेकडे.

उपकेंद्र म्हणजे विजेचं. मुठा खोऱ्यातल्या एका माळावर खडी पसरलेलं आवार, त्यात लोखंडी सांगाडे आणि दोन घुमणारे ट्रान्सफॉर्मर, आणि शेजारी एक खोली. बाहेरून मोठ्या लाईनीनं वीज येते, इथे तिचा जोर उतरवला जातो आणि मग निरनिराळ्या लाईनींनी ती गावागावांत जाते. खोलीत भिंतीशी पॅनेल आहे. प्रत्येक लाईनीचं एक कपाट, त्याला एक बटण आणि दोन दिवे. लाल दिवा म्हणजे लाईन चालू, हिरवा म्हणजे बंद. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. मी या खोलीत ऑपरेटर आहे. समोरचे आकडे दर तासाला टिपायचे, लाईन गेली की वायरमनला कळवायचं, तो सांगेल तेव्हा बंद करायची, तो सांगेल तेव्हा चालू करायची. आणि फोन घ्यायचा.

फोनवरचा प्रश्न एकच असतो. "लाईट कवा येनार?" बारा महिने तोच, पण या दिवसांत त्याचे सूर बदलतात. दळण अडकलेल्या बाईचा वेगळा, दुधाच्या चिलिंगवाल्याचा वेगळा, शनिवारी पुण्याहून आलेल्या बंगलेवाल्याचा वेगळा. एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते रागावत नाहीत, नुसतं विचारतात, "गेलीये ना सगळ्यांची?" सगळ्यांची गेली आहे म्हटलं की त्यांना बरं वाटतं.

मी हिंजवडीजवळच्या नेऱ्याची. माहेर नेऱ्यातच, सासरही नेऱ्यातच, मधे फक्त ओढा. माझ्या लग्नाच्या वेळी त्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना भात होतं. आता एका अंगाला सोसायटीची भिंत आहे आणि दुसऱ्या अंगाला आमच्या भाड्याच्या खोल्या. हिंजवडीत कामाला जाणारी मुलं त्यात राहतात. सकाळी त्यांच्या गाड्या मारुंजीच्या दिशेनं निघतात आणि माझी स्कूटी उलट्या दिशेनं, घोटवडे, पिरंगुट, उरवडे करत खोऱ्यात. आयटीआय करताना मलाही वाटलं होतं की त्या काचेच्या इमारतींतच कुठेतरी आपलं टेबल असेल. तिथे बोलावणं आलं नाही, इथे आलं.

सासूबाईंना ही नोकरी कधी पटली नाही. त्या वाईट नाहीत, पण त्यांचं म्हणणं सरळ असतं. "घरात बसून भाडं येतंय. तू एवढ्या पावसात कुटं जातीयास? बटान दाबायला?" मी रेनकोट चढवून निघायचे, पण मनातून मलाही तसंच वाटायचं. शाळेत बाईंनी माझ्या मुलीला विचारलं, आई काय करते, तर ती म्हणाली, "आई लाईट घालवते." वर्ग हसला, बाई हसल्या, घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा मीही हसले. पण रात्री भांडी घासताना ते वाक्य नळाच्या पाण्यासारखं वाहत राहिलं. खरंच, मी काय करते? वायरमन तार जोडतो, त्याच्या हाताला घट्टे पडतात. नर्स सुई टोचते. बायका चिखलात उभं राहून भात लावतात. मी आकडे टिपते. हे काम एखादं यंत्रही करेल, आणि कदाचित करेलही लवकरच.

लहानपणी माझ्याकडे एक काम असायचं. भाताचं बी पेरलं की वाफ्यावर चिमण्या उतरायच्या, म्हणून आई मला बांधावर बसवायची. दिवसभर बसायचं. चिमण्या आल्या तर हाकलायच्या, नाही आल्या तर नुसतं बसायचं. भावंडं ओढ्यात खेकडे धरायला जायची आणि मी बांधावर रडकुंडीला. एकदा मी आईला म्हणाले, एक पण चिमणी आली न्हाई, मी उगीच बसले. आई बांधाला चिखल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तू बसलीस म्हणून आली न्हाई." तेव्हा मला ती थापच वाटली होती.

तर त्या वर्षीच्या लावणीची गोष्ट. वर्ष सांगून उपयोग नाही, खोऱ्यातले सगळे पावसाळे एकमेकांत मिसळतात. एवढंच आठवतं की पाऊस चार-पाच दिवस बसला होता, कपडे वाळत नव्हते, आणि उपकेंद्राच्या भिंतीला आतून ओल आली होती. सकाळी मी आले आणि थोड्याच वेळात भोंगा वाजला. डोंगराच्या कडेनं जाणाऱ्या लाईनीचा दिवा लालचा हिरवा झाला. एकदा पुन्हा चालू करून पाहिली, टिकली नाही. म्हणजे कुठेतरी फांदी पडली होती किंवा तार तुटली होती.

त्या लाईनीचे वायरमन शेडगे. वरच्या धनगरवाड्यातले. त्यांच्या घरी अजून मेंढरं आहेत, भाऊ घेऊन हिंडतो. शेडगेंना मात्र लहानपणी मेंढरांमागे जाण्यापेक्षा खांबांमागे जायचं वेड. बोलायला कमी. मला ताई म्हणतात, वयानं माझ्यापेक्षा मोठे असूनही. मी त्यांना शेडगेभाऊ म्हणते. ते रेनकोट चढवून लाईनीखालून चालत गेले आणि बऱ्याच वेळानं त्यांचा फोन आला.

"ताई, सापडलं. जांभळीची फांदी तारंवर हाय. तार तुटलीया. परमिट द्या."

परमिट म्हणजे त्या लाईनीवर काम करायची परवानगी. बोलायला साधी गोष्ट, पण तिचं सगळं वजन दोन माणसांवर असतं. मी लाईन पूर्ण तोडायची, जमिनीला जोडायची, पॅनेलवर पाटी अडकवायची, 'माणसं काम करत आहेत, चालू करू नका.' मग वायरमन खांबावर चढणार. आणि काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून ते परत करायचं. त्याचा भाऊ नाही, सरपंच नाही, देव नाही. त्याचाच आवाज.

मी सगळं केलं, पाटी अडकवली, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. हितं रेंज न्हाई, वळणावर येऊन फोन केलाय. आता काम झालं की मगच करीन." फोन बंद झाला. एवढं बोलून तो माणूस ढगात गेला.

पहिला तास नेहमीसारखा गेला. लाईट कवा येनार, काम चालू आहे, कवा येनार, सांगता येत नाही. त्यात रामसेवकचा फोन तीनदा येऊन गेला. रामसेवक म्हणजे डोंगराच्या कुशीत एक फार्महाऊस आहे, तिथला रखवालदार. बिहारकडचा. मालक पुण्यात आणि हा एकटाच त्या मोठ्या घरात. "मॅडम जी, लाईट कब आएगा? साहब पूछ रहे हैं, टंकी खाली है." मी म्हटलं, आएगा.

मग एक फोन आला आणि पहिल्यांदा कोणी 'लाईट कवा येनार' असं विचारलं नाही.

"ताई, लाईट चालू करा वो! आमच्या आण्णांचं मशिन बंद पडलंय."

मंदा नावाची बाई बोलत होती. तिच्या सासऱ्यांना दम्याचा जुना आजार, फुप्फुसं कामातून गेलेली, दिवसातला बराच वेळ ते ऑक्सिजनच्या मशिनवर असायचे. मशिन विजेवरचं. घरात एक छोटा सिलेंडर होता, त्यावर त्यांना लावलं होतं, पण तोही संपत आला होता.

"हवा पुरत न्हाई त्यास्नी. व्हट निळं पडायला लागल्यात."

मागून खोकला ऐकू आला. खोकला म्हणण्यापेक्षा, तळाला लागलेल्या बादलीत दोर घासावा तसा आवाज.

"तार तुटलीये," मी म्हणाले. "जोडायला माणूस खांबावर आहे."

"मग त्याला सांगा की, हितं माणूस चाललाय म्हणून!"

"त्याला फोन लागत नाही. तुम्ही ॲम्ब्युलन्सला केलात का?"

"केला. खाली रस्त्यावर पानी हाय. येतू म्हनाले. कवा येतील?" आणि मग तिनं मला शिव्या दिल्या. खोऱ्यातल्या, चांगल्या रोखठोक. फोन आपटला.

मी शेडगेंना फोन लावला. रेंजच्या बाहेर. आमच्या इंजिनिअर साहेबांना लावला, ते खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या खांबावर गेले होते, तिथेही तेच. पुन्हा शेडगे. पुन्हा साहेब. हातातल्या पेनाचं टोपण मी इतकं चावलं होतं की तोंडात प्लास्टिकचे तुकडे आले.

तेवढ्यात नानांचा फोन. नाना ग्रामपंचायतीचे सदस्य. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे आणि तो उगाच नाही. माणूस धावून येणारा. मंदाच्या घरून त्यांना कोणी कळवलं होतं.

"ताई, मी आत्ता मोटारसायकलवरनं जांभळीपासनं आलूया. तार जोडून झाली. वायरमन खाली उतरला, मी डोळ्यानं बघितला. झोळी खांद्याला लावून निघालाय त्यो. तू चालू कर लाईन."

"नाना, त्यांना फोन करायला सांगा."

"आता त्याला कुटं हुडकू? धुकं किती हाय! त्यो वळणावर येऊस्तवर आण्णा ऱ्हातोय का? अगं, खांब मोकळा हाय. काय झालं तर मी हाय."

"काय झालं तर तुम्ही असाल नाना. ते नसतील."

हे मी बोलले खरं, पण ते धीटपणानं बोलले नाही.   नाना म्हणाले, "आन् आण्णा नसला तर?"

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. 

  नाना खोटं बोलणारे नव्हते. तार जोडलेली असेल, वायरमन उतरलेला असेल, तर मी एका म्हाताऱ्याचा जीव एका पाटीपायी घालवत होते. बटण हाताच्या अंतरावर. पाटी काढायची, दोन गोष्टी पूर्ववत करायच्या, बटण फिरवायचं. एवढंसं काम. एका माणसाचा श्वास मला फोनवर ऐकू आला होता, दुसऱ्याचं काहीच ऐकू येत नव्हतं. ज्याचं ऐकू येतं त्याची दया लवकर येते. जो गप्प आहे, धुक्यात आहे, त्याची कोणाला येणार? त्याच्या बाजूनं बोलायला त्या वेळी एकच जागा होती, आणि त्या जागेवर मी बसलेली होते. हे मला इतक्या स्पष्ट शब्दांत तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त खुर्ची सोडवेना.

"नाना," मी म्हणाले, "मंदाताईंचं घर कुठल्या वाडीत?"

त्यांनी सांगितलं.

"त्याच्या वरच्या अंगाला फार्महाऊस आहे ना? रामसेवकचं?"

"हाय की. डोक्यावरच हाय."

मी रामसेवकला फोन लावला. तिन्ही वेळा त्यानं विचारलं होतं आणि मी टाळलं होतं. या वेळी मी विचारलं.

"रामसेवक, जनरेटर है ना तुम्हारे पास?"

"है मॅडम जी. लेकिन साहब से पूछे बिना चालू नहीं करना है."

"नीचे घर में दादाजी है. उनको साँस का तकलीफ है. मशिन है, लाईट नहीं है. उनको ऊपर लेके आव. मशिन भी लाव. जनरेटर चालू करो." माझं हिंदी असंच आहे, भाडेकरूंशी बोलून शिकलेलं.

 त्याची नोकरी यात जाऊ शकते, हे मला कळत होतं.

"साहब को क्या बोलूँ?"

"माझं नाव सांग. मेरा नाम बताव. बोलना, मॅडम ने बोला."

तो अगदी साधेपणानं म्हणाला, "आपका नाम तो मालूम नहीं, मॅडम जी."

इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यानं ते एकदा म्हणून पाहिलं आणि फोन ठेवला. मी नानांना सांगितलं. ते वाटेतूनच आण्णांच्या घराकडे वळले, त्यांना वर न्यायला.

मग जे होतं ते फक्त थांबणं. मी मोबाईल समोर ठेवला, त्याच्या शेजारी टेबलावरचा फोन. वाजला की आवाज शेडगेंचा नाही एवढंच ऐकून ठेवून द्यायचे. ट्रान्सफॉर्मरची घुमघुम, छतावर पावसाची एकसुरी थाप, आणि पॅनेलवर तो एक हिरवा दिवा. मी उठून पाटी हलवून पाहिली, नीट अडकली आहे का. बसले. पुन्हा उठले. मला आठवतं, मी त्या वेळी देवाचं नाव घेतलं नाही. कोणासाठी मागावं हेच कळेना. एकाला लवकर वाचव म्हणावं तर दुसऱ्याला घाई कर म्हटल्यासारखं, आणि खांबावरच्या माणसाला घाई कर असं कोणी म्हणू नये.

शेडगेंचा फोन आला तेव्हा तो मी पहिल्या घंटेलाच उचलला.

"ताई, शेडगे. परमिट परत घ्या."

"झालं?"

"झालं. दोन जागी तुटली व्हती. जांभळीपाशी जोडली, खाली उतारलो, म्होरं बघतो तर टेकाडाच्या पल्याड अजून एक. मग तितं चढलो. म्हणून येळ झाला."

 नानांनी पाहिलं ते खरंच होतं. शेडगे जांभळीच्या खांबावरून उतरले होते, झोळी खांद्याला लावून निघाले होते. फक्त ते घराकडे निघाले नव्हते. नाना माझ्याशी बोलत होते तेव्हा हा माणूस टेकाडापलीकडच्या खांबावर चढत होता.

"दुसऱ्या खांबावर चढताना अर्थिंगची साखळी लावली होती?" मी विचारलं. ही साखळी तारेला लावून जमिनीत गाडतात, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून.

"लावणारच व्हतो. वर जाऊन आदी तार बघितली, मग लावली."

 ते म्हणाले, "ताई? घेतलं का परमिट?"

"सगळे खाली आहेत?"

"सगळं म्हंजी मी एकटाच की."

"तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?"

"वळणावर. रस्त्यात."

"पायाखाली काय आहे?"

त्यांना वाटलं असेल की बाईचं डोकं फिरलं. पण त्यांनी सांगितलं. "डांबर हाय. पानी वाहतंय. एक खेकडा चाललाय वर." मग समजावल्यासारखं, "दोनी पाय जमिनीवर हायेत माजं, ताई."

मी परमिट परत घेतलं, जोडणी पूर्ववत केली, पाटी काढली. बटण फिरवताना डोळे मिटले होते. धाडकन आवाज झाला, दिवा लाल झाला, काटा हळूहळू वर चढला आणि तिथे थरथरत राहिला. खोऱ्यात घराघरांत काहीतरी चालू झालं असणार.

लाईट आली की फोन बंद पडतात. आली बरं का, असं सांगायला कोणी फोन करत नाही. त्या दिवशी ती शांतता मला सोसवेना. मीच रामसेवकला फोन केला. तो हसत होता. आण्णा रामसेवकच्या साहेबांच्या दिवाणखान्यात, साहेबांच्या सोफ्यावर बसले होते, नाकाला नळी, आणि चहा मागत होते. मंदा दारातच उभी होती, ओल्या पायांनी आत यायला तयार नव्हती. साहेब पुण्याहून फोनवर आधी चिडले होते आणि नंतर म्हणाले होते, डिझेल आहे ना पुरेसं?

म्हणजे सगळं नीट झालं. मी खुर्चीत बसले आणि राहून गेलेले तासांचे आकडे टिपले.

कामातून समाधान मिळतं, असं लोक सांगतात. मला वाटायचं, ते मिळालं की कळेल, आत काहीतरी उजळेल. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मला त्या दिवशी कळलं की या खुर्चीवरच्या माणसाच्या हातात काय आहे, आणि ते कळल्यावर पहिली आली ती भीती. ती गेलीच नाही. पाऊस धरला की अजून छातीत धडधडतं. घरी असले आणि दुसऱ्याची पाळी असली तरी आभाळ बघून मन खोऱ्यात जातं. आमच्या खोल्यांतला एक मुलगा परवा म्हणत होता की त्याला त्याच्या कामात काही अर्थच वाटत नाही, नोकरी सोडावीशी वाटते. मी त्याला काय सांगणार? अर्थ वाटायला लागला की झोप उडते, हे सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. पण ती उडालेली झोप मला परत करावीशी वाटत नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी शेडगे चहाला आले तेव्हा मी त्यांना नानांचा फोन, मंदाचा फोन, सगळं सांगितलं. त्यांचा कप हातातच राहिला. मी चिडून म्हणाले, खांब बदललात तर आधी मला कळवायचं, वळणावर यावं लागलं तरी, आणि साखळी आधी लावायची, मग वर. ते "व्हय" म्हणाले. मग कपाकडे बघत म्हणाले, "माज्या मनात आलंच न्हाई. तुमी हायसा म्हटलं." एवढ्या विश्वासानं मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांच्यावर पुन्हा ओरडले. तेव्हापासून ते प्रत्येक खांबाला फोन करतात. कधी कधी दोन खांबांमधे अर्धा डोंगर उतरून. कंटाळत असतील. बोलत नाहीत.

मंदा कापणीच्या दिवसांत उपकेंद्रात आली. शेतातला एक खांब कलला होता, त्याची तक्रार घेऊन. मी आवाजावरून ओळखलं. तीही माझ्या आवाजावरून. आण्णा दसऱ्याच्या सुमाराला गेले होते.

"लाईट व्हती," ती म्हणाली. "मशिन चालू व्हतं. तरी गेले."

मग पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिशी तुमास्नी लई शिव्या दिल्या मी. आण्णा त्याच दिशी गेले असते ना, तर तुमच्या दारात येऊन दिल्या असत्या. जल्मभर दिल्या असत्या."

"माहितीये," मी म्हणाले.

"आन् तुमी काय केलं असतं?"

"ऐकून घेतल्या असत्या."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं असावं. माफी तिनं मागितली नाही, मीही मागितली नाही. तिचा खांब मी त्याच आठवड्यात सरळ करून घेतला. रामसेवक अजून तिथेच आहे. आता लाईट गेली की तो मला नावानं हाक मारतो, आणि वाडीत कोणी आजारी आहे का ते आधी सांगतो. मलाही सवय लागली आहे विचारायची. कोणाच्या घरी मशिन आहे, कोण बाळंतीण आहे, हे विचारणं माझ्या कामात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि परवाची गोष्ट. शेडगे डबा घरी विसरले होते, तो द्यायला त्यांची बायको हिराबाई डोंगर उतरून आली. पाऊस होता, म्हणून मी तिला खोलीत बोलावलं. ती याआधी कधी आत आलेली नव्हती. चपला बाहेर काढल्या, पदर पिळला, आणि भिंतीशी उभी राहून पॅनेल बघत राहिली.

"ह्येंच्या लाईनीचं बटान कंचं?" तिनं विचारलं.

मी दाखवलं. दिवा हिरवा होता, पाटी अडकवलेली होती. शेडगे त्या वेळी वर कुठेतरी होते. ती जवळ आली नाही. लांबूनच बघत राहिली, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी. तिला मी काय केलं, काय नाही, ते शेडगेंनी सांगितलं होतं की नाही मला ठाऊक नाही. तिनं विषय काढला नाही. मग ती म्हणाली,

"ताई, तुमी जेवायला जाता, तवा हितं कोन बसतं?"

तिच्या डोळ्यांत उपकाराची भावना नव्हती, आदर नव्हता. नुसती विचारणा होती, आणि विचारणेमागे एक धडधड, जी मी चांगली ओळखते.

"मी हितंच जेवते," मी म्हणाले.

तिनं माझ्या टेबलाकडे, खुर्चीकडे, पुन्हा टेबलाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून पॅनेलकडे तोंड करून बसली, आणि शेडगेंचा फोन येईपर्यंत उठली नाही.